बायकांचा संडास हद्दीबाहेर

राजलक्ष्मी लाडचा राग बेंगळूरला बनशंकरीतल्या तिच्या गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पाण्याच्या टँकरवाल्यानं कुणाची घागर ढकलली, ऑटोवाल्यानं एखाद्या म्हाताऱ्याला अर्ध्या वाटेत उतरवलं, की लोक म्हणतात, "राजक्काला हाक मारा." आणि राजक्का येते. ओढणी कमरेला बांधून येते. तिचं घराणं तीन-चारशे वर्षांपासून इथलंच, त्यामुळं घरात मराठी, अंगणात कन्नड आणि भांडताना जे आधी जिभेवर येईल ते. नवरा व्यंकोजी बसवर कंडक्टर. दिवसभर लोकांची बोलणी ऐकून आलेला माणूस, त्याला भांडणाचा भारी कंटाळा. तो म्हणतो, "राजी, स्वल्प थंड घे." ती म्हणते, "थंड घ्यायला मी काय ताक आहे?"

अशी ही बाई नोकरी कुठं करते, तर लोकांच्या फोनांना कुलपं लावणाऱ्या कंपनीत. विचारलं तर ती अगदी सोपं करून सांगते. मोठमोठ्या कंपन्या आपल्या कामगारांना, ड्रायव्हरांना, डिलिव्हरीवाल्यांना फोन देतात. त्या फोनवर काय चालेल आणि काय चालणार नाही, हे हिची कंपनी बेंगळूरच्या ऑफिसात बसून ठरवते. कॅमेरा बंद म्हटलं की बंद. गाणी नकोत म्हटलं की नाहीत. फोन चोरीला गेला तर बंद पडून चोराच्या हातातच त्याची वीट होते. या शेवटच्या गोष्टीचा तिला फार अभिमान होता. कॉल सेंटरात लोकांच्या शिव्या खाऊन खाऊन ती इथं आली होती, आणि इथं निदान चोरांना त्रास देता येतो, असं ती म्हणायची. चोर नसलेल्या माणसांचं काय, हा प्रश्न तेव्हा तिला पडला नव्हता. खोटं कशाला बोला, कुणालाच पडला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात बेंगळूरबाहेरच्या होसकोट्याचं एक गोदाम त्यांचं गिऱ्हाईक झालं. भलंमोठं गोदाम, आत रॅकच्या रांगा, आणि त्या रांगांमधून माल उचलून आणणाऱ्या बहुतेक बायका. प्रत्येकीच्या मनगटाला पट्ट्यानं बांधलेला फोन. त्यावर काय उचलायचं ते दिसतं, त्यानंच वस्तूचा बारकोड वाचायचा. कामाची पाळी सुरू होताना पट्टा बांधायचा आणि सुटल्यावर सोडायचा, मधे नाही. गोदामवाल्यांचं म्हणणं एवढंच होतं की फोन गोदामाबाहेर गेला तर आपोआप बंद पडावा. चोरीची भीती. मागणी वाजवी होती. राजलक्ष्मीनं उपग्रहाचा नकाशा उघडला, गोदामाचं निळं छप्पर शोधलं, त्याच्या कडेकडेनं माऊस फिरवून हद्दीची रेघ काढली आणि जेवायला गेली.

चूक तिथं झाली. वरनं बघणाऱ्याला छप्पर दिसतं. छपराच्या मागं एक मोठं पसरलेलं रेन ट्रीचं झाड होतं आणि नकाशावर त्याचा नुसता हिरवा गोळा दिसत होता. त्या हिरव्या गोळ्याखाली काय आहे, हे ऑफिसात एसीत बसलेल्या कुणाला दिसणार? आणि गोदामवाल्यांनीही नकाशा न बघताच 'ओके' करून पाठवला.

उन्हाळ्याच्या तोंडाला मदतीच्या लाइनवर एक फोन आला. बंद पडलेल्या फोनवर एकच बटण जिवंत राहतं, मदतीचं. ते दाबलं की घंटी राजलक्ष्मीच्या टीममध्ये वाजते.

"मॅडम, लॉक आगिदे," फोन लॉक झालाय, असं पलीकडून एक बाई दबक्या आवाजात म्हणाली. कन्नड कच्चं होतं.

"एल्लिद्दीरा? कुठं आहात?" राजलक्ष्मीनं कन्नडातच विचारलं, कारण स्क्रीनवर तो फोन हद्दीबाहेर दिसत होता.

पलीकडे नळाचं पाणी पडल्याचा आवाज आला आणि मग बाई स्वतःशीच पुटपुटली, "आई गं, आता ह्येस्नी काय सांगू?"

"मराठी का तुम्ही?" राजलक्ष्मी म्हणाली. "सांगा की मग. मीही मराठीच."

"निपाणीकडची हाय मी. शालन." बाईचा आवाज जरा मोकळा झाला. "अक्का, बाथरूमात हाय ओ. इथं आलं की फोन मरतोय."

"कुठल्या बाथरूमात?"

"आमच्याच. कंपनीच्या. गोदामाच्या मागं, झाडाखाली. दुसरं कुटलं असणार?"

राजलक्ष्मीला आधी हसू आलं. मग शालननं पुढचं सांगितलं आणि ते हसू गेलं. फोन बंद पडला की तो उघडायचा कोड सुपरवायझरकडे असतो. सुपरवायझर बसतो पार पुढच्या दाराशी, माल भरणाऱ्या गड्यांच्या घोळक्यात. तिथं जाऊन हात पुढं करायचा. तो विचारणार, "कुठं गेली होतीस?" सगळ्या पुरुषांसमोर सांगायचं. रोज, प्रत्येक वेळी. वर त्या वेळेला 'जागेवर नाही' अशी नोंद. महिनाअखेरीला ज्याच्या नोंदी जास्त, त्याला पुढल्या महिन्यात काम नाही.

"मग काय करता तुम्ही?"

"पाणीच पीत न्हाई," शालन म्हणाली. "चूळ भरायची न् थुकायचं. आता मला लघवीला आग होतीया. ताप पन येतोय. आणि तीन-चार जणींस्नी तेच. डॉक्टरीनबाई म्हणाली, पाणी पी. कसं पिऊ?"

राजलक्ष्मीनं नकाशा उघडला. स्वतःची रेघ बघितली. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि पहिल्यांदा ती आग स्वतःवरच होती. "शालन, ही चूक आहे," ती म्हणाली. "आजच नीट करून देते बघ."

आजच! काय बोलून गेली बिचारी.

हद्दीची रेघ हलवायची तर गिऱ्हाइकाची लेखी परवानगी लागते. ती मागायची तर मॅनेजरमार्फत. मॅनेजर म्हणजे यशोवर्धन. मूळचा पुण्याचा, वयानं तिच्याहून बराच लहान, पण सगळ्यांना नावानं आणि अरेतुरे. ऑफिसची रीतच ती. राजलक्ष्मीच्या कानाला ते अजून टोचतं. तिच्या घरात दोन वर्षांनी मोठ्या बहिणीलाही 'अहो अक्का' म्हणतात.

"राजलक्ष्मी, क्लायंट हॅपी आहे," यशोवर्धन म्हणाला. "तू कशाला उगाच इश्यू रेझ करतेस?"

"सर, बायकांचा संडास हद्दीबाहेर आहे."

"ओके, ओके. वीकली कॉलवर घेऊ ना."

वीकली कॉलवर घेतलं. गोदामाचा व्यवस्थापक शिवकुमार स्क्रीनवर दिसत होता. हसरा, गोलमटोल, कपाळावर विभूती. राजलक्ष्मीनं कन्नडात सगळं समजावून सांगितलं. रेघ माझी चुकली, झाडाखालचं दिसलं नाही, तुम्ही हो म्हणा, मी आत्ता सरकवते. शिवकुमारनं शांतपणे ऐकून घेतलं.

"नमगे गोत्तु, मॅडम," तो म्हणाला. आम्हाला माहीत आहे.

राजलक्ष्मीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"पहिल्याच आठवड्यात कळलं," तो सांगत होता. "चूक तुमची, पण चांगली चूक. आधी ह्या बायका जोडीजोडीनं जायच्या, झाडाखाली गप्पा मारत उभ्या राहायच्या. आता बघा, कोणी जागचं हलत नाही. माल दुप्पट उचलला जातो म्हणा ना. राहू दे तसंच. आणि हो, पुढच्या मंगळवारी आमची बाहेरदेशची पार्टी गोदाम बघायला येणार आहे. स्वागतकक्षातला तुमचा तो मोठा टीव्ही चालू राहील एवढं बघा."

यशोवर्धन हसला. हसून म्हणाला, "ॲक्सिडेंटल फीचर!"

तुम्हाला सांगतो, माणसाची चूक एक वेळ देव पोटात घालतो. पण चुकीवर पाट मांडून जेवायला बसणाऱ्यांना काय म्हणायचं? चोरी रोखायला कुंपण घातलं, आणि कुंपणानंच शेत खाल्लं. ज्या माणसाला चूक ठाऊक नव्हती, त्याला सांगता येतं. ठाऊक असून जो गोड हसतो, त्याला काय सांगणार, कपाळ? गल्लीत जी बाई टँकरवाल्याच्या सात पिढ्या काढते, ती खुर्चीत बसून राहिली, आणि तिचे कान तेवढे लाल झाले.

घरी गेली तर जेवलीच नाही. व्यंकोजीनं कारण विचारलं. तिनं सांगितलं. या माणसानं आयुष्यभर तिला थंड घ्यायला सांगितलं होतं. त्या दिवशी तो ताट बाजूला सारून म्हणाला, "आमच्या डेपोत लेडी कंडक्टर आल्या तेव्हा हेच. वर्षभर त्यांना संडासाला जागा नव्हती. आम्ही पुरुष काही बोललो नाही." मग हात धुऊन आला आणि म्हणाला, "रविवारी होसकोट्याच्या बसला बसवून देतो तुला."

गोदाम रविवारीही चालू असतं. पाळी सुटायच्या वेळेला राजलक्ष्मी फाटकाशी उभी राहिली. शालन बाहेर आली. पस्तिशीची, काटक, चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. मागून आणखी काही जणी. राजलक्ष्मीनं सांगितलं, मी ती मदतीच्या लाइनवरची. शालननं आनंदानं तिचे दोन्ही हात धरले.

"रेघ कोणी काढलेली ओ, अक्का?" तिनं विचारलं. "कळलं का त्यो कोण मुडदा?"

"मीच," राजलक्ष्मी म्हणाली.

शालननं हात सोडले.

"तुमी?" ती म्हणाली. "बाईमानूस असून?" आणि मग जी सुटली ती थांबेना. "आमी जनावरं हाय व्हय? गोठ्यातल्या म्हशीलाबी कोण आडवत न्हाई! माझी लेक विचारतीया, आई, तुला रोज ताप का येतो. काय सांगू तिला? आईच्या मुतायवर कुलूप घातलंय म्हणून सांगू? तुमास्नी नकाशात झाड दिसलं, मानूस दिसलं न्हाई?"

फाटकावरचा वॉचमन बघायला लागला. राजलक्ष्मी ऐकत राहिली. नकाशा, उपग्रह, परवानगी, असलं एकही कारण तिनं पुढं केलं नाही. आपल्या गल्लीत आपण दुसऱ्यांना बोलतो तेव्हा समोरच्याला कसं लागत असेल, ते तिला त्या दिवशी कळलं. आणि तरीही शालनचा राग तिला बरा वाटला. निदान कुणीतरी बरोबर चिडलं होतं.

शालन दमून गप्प झाल्यावर राजलक्ष्मी म्हणाली, "रेघ मला हलवता येत नाही. ती त्यांच्या परवानगीनं. पण एक गोष्ट माझ्या हातात आहे. नकाशावरच्या जागांना नावं द्यायचं काम माझं. फाटक, पार्किंग, कँटीन. त्याला कुणाला विचारावं लागत नाही. तुमचा फोन बंद पडला की स्वागतकक्षातल्या टीव्हीवर लाल पट्टी येते, 'हद्दीबाहेर, फोन बंद' म्हणून. कुठं ते येत नाही, कारण त्या झाडाखालच्या जागेला नावच नाही. मी नाव देऊ शकते. जे आहे ते नाव."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"तुमची नावं येणार नाहीत. नुसतं जागेचं येईल," राजलक्ष्मी म्हणाली. "पण दिसेल सगळ्यांना. मंगळवारी परदेशी पाहुणे आहेत. तुम्हाला लाज वाटत असेल तर नको. तुम्ही नाही म्हणालात तर हात लावणार नाही."

"लाज?" शालन म्हणाली. "रोज गड्यांच्या म्होरं हात पसरून सांगतोय की, संडासला गेलते. आमची लाज कवाच निघाली. आता ज्याची निघायची ऱ्हायली त्याची निघू द्या." मागच्या एकीला तिनं ते कन्नडात सांगितलं. त्या बाईनं मान डोलावली आणि म्हणाली, "सरी, चालेल. मंगळवारी आपण सगळ्या पाणी पिऊन येऊ."

मंगळवारी सकाळी राजलक्ष्मीनं झाडाखालच्या जागेला चौकोन काढला आणि इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, नाव टाकलं: 'लेडीज टॉयलेट'. बाकी कशालाही हात लावला नाही. मग ती आपल्या कामाला लागली.

गोदामात काय झालं ते शालननं नंतर सांगितलं, आणि सांगताना ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पाहुणे स्वागतकक्षात आले. हार झाले, नारळपाणी झालं. शिवकुमारनं टीव्हीकडे हात करून सांगायला सुरुवात केली, आमच्याकडे प्रत्येक फोनवर कसं लक्ष असतं. तेवढ्यात लाल पट्टी आली. 'हद्दीबाहेर. लेडीज टॉयलेट. फोन बंद.' तो म्हणाला, काहीतरी तांत्रिक बिघाड असेल. पट्टी गेली आणि दुसरी आली. लेडीज टॉयलेट, फोन बंद. मग तिसरी. आत बायका घरनं तांब्या तांब्यानं पाणी पिऊन आल्या होत्या, वर ताकाचा कॅन आणला होता, आणि एकामागोमाग एक, अगदी शिस्तीत, मागच्या दारानं चालल्या होत्या. टीव्ही लाल व्हायचा थांबेना. पाहुण्यांत एक पांढऱ्या केसांची बाई होती. तिनं चष्मा वर केला, पट्टी वाचली, आणि शिवकुमारला विचारलं, "याचा अर्थ मला जो वाटतोय तोच आहे का?"

दुपारच्या आत राजलक्ष्मीचा फोन वाजला.

"मॅडम, ते नाव आत्ताच्या आत्ता काढा." शिवकुमारचा आवाज आता हसरा नव्हता.

"काढते की," ती म्हणाली. "लेखी पाठवा. असं लिहा: बायकांचा संडास हद्दीबाहेरच ठेवावा, तिथं गेल्यावर फोन बंदच पडावा, फक्त ते कुणाला दिसू नये. खाली तुमचं नाव आणि हुद्दा."

"असं कसं लिहिणार?"

"मग करता कसं?"

पलीकडे त्यानं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"नाहीतर कुलूप काढायला सांगा," राजलक्ष्मी म्हणाली. "त्याला एका ओळीची मेल पुरते. बोला, नाव काढू की कुलूप?"

मेल आली. एका ओळीची. राजलक्ष्मीनं रेघ झाडापलीकडे नेली आणि ऑफिसच्या बाल्कनीत जाऊन एकटीच दोन मिनिटं रडली. आनंदानं नव्हे, एवढ्यासाठी एवढं करावं लागतं या संतापानं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण माणसाचं डोकं सरळ चालेल तर ते कसलं!

पंधरवडा गेला असेल. यशोवर्धननं तिला काचेच्या खोलीत बोलावलं. टेबलावर मैसूरपाकाचा डबा. समोर स्क्रीनवर शिवकुमार, परत हसरा.

"राजलक्ष्मी, काँग्रॅट्स!" यशोवर्धन म्हणाला. "क्लायंटला तुझी आयडिया जाम आवडलीय. जागांना नावं देणं. आता त्यांना त्या नाव दिलेल्या जागेवर टाइमर हवाय. लॉक नाही हं, लॉक गेला. फक्त कोण आत किती वेळ आहे ते मोजायचं, आणि लिमिटच्या वर गेलं की सुपरवायझरला मेसेज. बाकीच्या क्लायंट्सनाही विकता येईल. लीड तूच कर. तुझंच बेबी आहे ना हे."

राजलक्ष्मी उभीच होती. तिला हळूहळू उमगत गेलं. जोवर त्या जागेला नाव नव्हतं, तोवर फोन तिथं नुसता 'बाहेर' होता. आता तो 'बायकांच्या संडासात' आहे हे यंत्राला कळत होतं. चौकोन तिनं काढला होता. नाव तिनं दिलं होतं. तिनं लाज काढायला म्हणून जी खुंटी ठोकली, तिलाच ह्या लोकांनी घड्याळ टांगलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसायचं का आता?

"किती मिनिटं ठेवायची?" तिनं विचारलं. आवाज अगदी खाली होता. गल्लीतला कुणी तिथं असता तर त्यानं काढता पाय घेतला असता.

"तेच ठरवूया," शिवकुमार स्क्रीनवरून मोकळेपणानं म्हणाला. "रीझनेबल ठेवू. आम्ही काही राक्षस नाही. तुम्ही लेडीज आहात, तुम्हीच सांगा."

"मी कशाला? जिची मिनिटं तिला विचारू," राजलक्ष्मी म्हणाली, आणि यशोवर्धन 'अगं थांब' म्हणेपर्यंत तिनं मदतीच्या लाइनवरून शालनच्या मनगटावरचा फोन लावला. स्पीकर सुरू केला.

"शालन, मी राजलक्ष्मी. इथं आमचे साहेब आहेत, तुमचे शिवकुमार साहेब आहेत, सगळे ऐकतायत. विचारू एक? नको वाटलं तर बोलू नको, फोन ठेवून दे."

"इचारा की," शालन म्हणाली. मागं गोदामातल्या गाड्यांची खडखड ऐकू येत होती.

"साहेबांना संडासात घड्याळ लावायचंय. कोण आत किती वेळ असतं ते मोजायचंय. किती मिनिटं पुरतील म्हणून विचारतायत."

खडखड थांबली. शालननं बहुतेक ढकलगाडी सोडली होती. यशोवर्धननं फोन बंद करायला हात पुढं केला. राजलक्ष्मीनं तो हात धरला. सरळ मनगट धरलं, आणि सोडलं नाही.

"साहेबास्नी घरात बायको असंल," शालन म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "लेक असंल. म्हातारी आई असंल. आज घरी गेलं की तिघींस्नी समोर बसवून इचारा म्हणावं, तुमास्नी आत किती मिनिटं लागत्यात. पाळीच्या दिसांत किती, पोट बिघडलं तर किती, पोटुशी असली तर किती. त्यांच्या तोंडावर इचारा. त्यांस्नी जेवढी मिनिटं देशीला, तेवढीच आमास्नी द्या. एक बी जास्त नगं."

शिवकुमारला मराठी येत नव्हतं. राजलक्ष्मीनं त्याच्याकडे बघत, एक शब्द मऊ न करता, बायको, लेक आणि आई यांच्यासकट सगळं कन्नडात सांगितलं. मग खुर्ची ओढून ती लॅपटॉपपुढं बसली. टाइमरची चौकट उघडली. मिनिटांचा आकडा टाकायची जागा रिकामी होती.

"शालन लाइनवर आहे," ती म्हणाली. "सांगा साहेब, किती टाकू? सर, तुम्ही सांगता का?"

यशोवर्धन मैसूरपाकाच्या डब्याकडे बघत होता. स्क्रीनवर शिवकुमारनं विभूती पुसल्यासारखा कपाळावरून हात फिरवला आणि मान खाली घातली.

"बेडा मॅडम," तो म्हणाला. "नको. बंद करा ते."

"शालनला सांगा," राजलक्ष्मी म्हणाली. "ती ऐकतेय."